पवई तलाव: पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला, पिण्याजोगा न राहिलेला

परवा पवईच्या काठावर दुर्बीण लावून उभा होतो. एका काकांनी विचारलं, "हा नैसर्गिक तलाव ना?"

नाही! मिठी नदीच्या एका ओहोळावर बांध घालून 1890 च्या सुमारास इंग्रजांनी तो बांधला. महापालिकेच्या नोंदीनुसार खर्च 12.59 लाख रुपये. हेतू एकच, तहानलेल्या मुंबईला पाणी.

पण हे पाणी पिण्यायोग्य राहिलं नाही. आज ते उद्योगांना आणि आरे कॉलनीला जातं.

तलाव भरला की सुमारे 545 कोटी लिटर पाणी साठतं. पावसाळ्यात तो ओसंडला की पाणी कुर्ल्यावरून वाहणाऱ्या मिठी नदीत जातं, तिथून माहीमच्या खाडीत. म्हणून पवई भरल्याची बातमी कुर्ल्याच्या रहिवाशांनीही वाचावी.

विरंगुळा म्हणाल तर गळ टाकणाऱ्यांचं हे जुनं ठिकाण. रोहू, कटला मिळतात. मी मात्र पक्ष्यांसाठी जातो: जांभळी पाणकोंबडी, पाणकावळे, कमळपक्षी. हिवाळ्यात सकाळी उन्हाला पडलेली मगरही दिसते, त्यामुळे पाण्यात उतरायचा विचार कृपया करू नका.

काठावर सायकल ट्रॅक होणार होता. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. मला हा निकाल योग्यच वाटतो. काठाची दलदल गेली तर पक्षी जाणार.

खरी चिंता सांडपाण्याची आणि त्यावर पोसल्या जाणाऱ्या जलपर्णीची आहे.

पक्षी पाहायला कुठे उभं राहायचं, कधी जायचं, काहीही विचारा. कमेंटमध्ये सांगतो.