मेलेला मासा आणि चिडलेला ग्राहक: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

शोभिवंत माशांच्या दुकानातली मोठी भांडणे भावावरून होत नाहीत, मेलेल्या माशावरून होतात. रविवारी हौसेने टाकी, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे आणि डझनभर मासे नेलेले कुटुंब बुधवारी पिशवीत दोन मेलेले मासे घेऊन परत येते. पहिले वाक्य ठरलेले असते: "भाऊ, तुम्ही आजारी मासे दिलेत." काउंटरवरचा मुलगा नवखा असेल तर त्याचे उत्तरही ठरलेले: "आमच्याकडे ठणठणीत होते, तुम्हीच काहीतरी केलं असेल." इथून आवाज चढतो. या धंद्यात ज्याला 'कटकटी गिऱ्हाईक' म्हणतात तो बहुतेक वेळा चुकीची माहिती मिळालेला माणूस असतो, आणि ती माहिती किंवा तिचा अभाव पुष्कळदा दुकानातूनच त्याच्याबरोबर गेलेला असतो.

मासा तीन दिवसांत मेला म्हणजे तो आजारीच होता, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सतत पाण्यात सोडतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. जुन्या, चालत्या टाकीत त्याची काळजी घेणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्तीला असतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असते आणि पाणी बदलताना निघून जाते. नव्या टाकीत ही वस्ती नसते. ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचत जातो आणि माशांचे कल्ले भाजतात. पुढे नायट्राइट वाढले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतात. घरचे म्हणतात, मासा बोलतोय. तो गुदमरत असतो.

पाणी काचेसारखे स्वच्छ आहे, मग त्यात दोष कसा, हा यानंतरचा प्रश्न. अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींना रंग नसतो, त्यामुळे डोळ्यांनी काहीच कळत नाही. उलट हिरवट पडलेल्या जुन्या टाकीत मासे मजेत असू शकतात. म्हणून अनुभवी विक्रेता अशा वेळी वाद घालत नाही, टाकीतले पाणी बाटलीत घेऊन यायला सांगतो. सर्वसाधारण वापरातल्या थेंबांच्या संचात काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेतात, त्यात थेंब टाकून नळी हलवतात आणि पाच मिनिटे थांबतात. पाणी पिवळे राहिले तर अमोनिया नाही. हिरवे झाले तर आहे, आणि हिरवा जितका गडद तितके प्रमाण जास्त. ही पाच मिनिटे फार कामाची. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर रंग बदलतो, त्यामुळे कोण खोटे बोलते हा प्रश्नच उरत नाही, आणि थांबण्याच्या त्या वेळात टाकी केव्हा भरली, मासे किती सोडले, खाद्य किती वेळा घातले ही चौकशीही होते. "तुम्ही काय केलंत?" असे विचारले की ते आरोपासारखे लागते, "टाकी कधी भरली होती, काका?" असे विचारले की उत्तर मिळते.

अर्थात प्रत्येक वेळी चूक घरचीच असते असे मानणे हा दुकानदारांचा लाडका गैरसमज आहे. महाराष्ट्रात विकले जाणारे बरेच शोभिवंत मासे पश्चिम बंगाल आणि तमिळनाडूतून येतात. चेन्नईचे कोळत्तूर हे त्याचे नावाजलेले केंद्र. प्राणवायू भरलेल्या पिशवीत कित्येक तास काढलेला मासा दुकानात पोचतो तेव्हा थकलेला असतो आणि त्याची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. अंगावर रव्याच्या कणांसारखे ठिपके दिसणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अशाच वेळी डोके वर काढतो. आल्या दिवशीच मासे विकणाऱ्या दुकानातून आजार घरी जाण्याची शक्यता खरोखरच जास्त असते. इथे ग्राहकाचा एक उलटा हट्ट आड येतो. भाजी-मासळीच्या बाजारात मुरलेले गिऱ्हाईक इथेही 'ताजा माल' मागते आणि नुकत्याच फोडलेल्या पिशवीतला मासा हवा म्हणते. पाळायचा मासा मात्र दुकानात आठवडाभर राहिलेला आणि समोर टाकलेले खाद्य धावून खाणारा असावा. घेण्याआधी "जरा खाद्य टाकून दाखवा" असे म्हणणाऱ्या ग्राहकाला चिकित्सक म्हणून वैतागू नये. तो बरोबर वागत असतो.

मासे मरू लागले की घरातला पहिला उपाय म्हणजे सगळे पाणी फेकून टाकी लख्ख घासणे. मग उरलेलेही मरतात आणि ग्राहक दुप्पट संतापाने येतो, कारण त्याने तर 'स्वच्छता' केलेली असते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माणसाला चालते, पण माशाच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना ते मारक ठरते. स्पंज नळाखाली पिळून धुतला की कशीबशी तयार होत आलेली वस्ती वाहून जाते. शिवाय जुने आणि नवे पाणी यांचे तापमान आणि आम्लता जुळत नाही. मुंबई महापालिकेचे पाणी धरणांचे, मऊ असते. त्याच इमारतीत टँकर किंवा बोअरवेलचे पाणी आले की ते जड असते. आज हे, उद्या ते, अशी अदलाबदल माशांना सोसत नाही. योग्य रीत साधी आहे: आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे, नवे पाणी एक दिवस उघडे ठेवावे किंवा त्यात अँटिक्लोरीन घालावे, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावा. हे चार ओळींत छापून पिशवीबरोबर देता येते. देणारी दुकाने कमी.

रात्री फिल्टर बंद करण्यामागे वीजबिलाची धास्ती असते. दहा वॅटचा फिल्टर चोवीस तास चालवला तरी महिन्याला जेमतेम सात युनिट वीज जाते. तो रात्रभर बंद राहिला तर मात्र जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, आणि झाडे असलेल्या टाकीत तर रात्री झाडेही प्राणवायू वापरतात. खाद्याचे थोडक्यात सांगायचे तर दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. मासे काचेशी येतात ते दर वेळी भुकेने नव्हे. आजोबा, आई आणि मुलगी तिघेही आपापल्या प्रेमाने चिमूटभर टाकतात त्या घरातली टाकी आधी बिघडते.

विक्रेत्याने एखादा मासा द्यायला नकार दिला की तो उद्धट वाटतो. सर्वाधिक नकार गोल काचेच्या भांड्यासाठी गोल्डफिश मागणाऱ्यांना ऐकावे लागतात. सिनेमात, जाहिरातीत, कार्यालयातल्या टेबलावर गोल्डफिश भांड्यातच दिसतो, त्यामुळे तिथेच तो राहतो असा समज. हा कार्पच्या कुळातला मासा, चीनमध्ये शतकानुशतके पैदास करून घडवलेला. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो; त्रेचाळीस वर्षे जगलेल्या गोल्डफिशची इंग्लंडमध्ये नोंद आहे. साध्या जातीचा गोल्डफिश हातभर नाही तरी वीतभर नक्की होतो आणि भरपूर घाण करतो. भांड्यात पाच लिटर पाणी, त्यातही मानेपर्यंत भरले की हवेला लागणारा पृष्ठभाग आक्रसतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे पंचावन्न लिटर पाणी मावते. गोल्डफिशचा विचार तिथून सुरू व्हायला हवा. यावर ठेवणीतले उत्तर येते: "माशाला कुठे कळतंय, त्याची आठवण तीन सेकंदांची." ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात रेनबो माशांना जाळ्यातून सुटायची वाट अकरा महिन्यांनंतरही आठवत होती. रोज खाद्य घालणाऱ्या माणसाला मासे ओळखतात, हे तर पाळणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

मासा टाकीच्या मापानेच वाढतो, हा समज धंद्याला सोयीचा असल्यामुळे तो खोडायची घाई कोणी करत नाही. लहान टाकीत वाढ खुंटते ती खराब पाण्यामुळे, आणि खुंटलेला मासा लवकर मरतो. बोटभर लांबीचा ऑस्कर फूटभर होतो. 'काच साफ करणारा' म्हणून सर्रास गळ्यात मारला जाणारा सकर तर त्याहून मोठा होऊ शकतो. सकर टाकला की टाकी धुवावी लागत नाही, तो बाकीच्यांची विष्ठा खातो, ही निव्वळ दंतकथा. तो शेवाळ खातो आणि स्वतः भरपूर विष्ठा टाकतो. फायटरची गोष्ट निराळी: त्याला पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेता येते म्हणून तो दुकानात वाटीएवढ्या डब्यात तग धरतो. पण तग धरणे वेगळे आणि नांदणे वेगळे. हा थायलंडकडचा, उष्ण पाण्यातला मासा आहे. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटरशिवाय तो मलूल पडतो, आणि जानेवारीतल्या तक्रारींचे बरेचसे मूळ तिथे असते.

वास्तूसाठी मासे घेणारा ग्राहक वेगळा हाताळावा लागतो. फ्लॉवरहॉर्न किंवा अरोवाना मेला तर घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, अशी समजूत आहे. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात नसलेला, 1990च्या दशकात मलेशियात संकरातून तयार केलेला मासा; इथे विकला जाणारा रुपेरी अरोवाना दक्षिण अमेरिकेतला, जवळपास तीन फूट होणारा. दोन फुटी टाकीत तो मेला तर कारण टाकीच असते. पण काउंटरवर श्रद्धेची चेष्टा करून हाती काहीच लागत नाही. टाकी मोठी लागेल आणि खर्च किती येईल हे आकड्यांत सांगितले की निर्णय आपोआप होतो.

लहानसहान त्रासांपैकी दोन नोंदवण्यासारखे. पन्नास गप्पींमधून "तो नाही, तो निळ्या शेपटीचा" म्हणत एकच मासा पकडायला लावणे: जाळी फिरते तेवढा वेळ टाकीतले सगळेच मासे जिवाच्या आकांताने पळत असतात. दुसरा, मुलांनी काचेवर टिचक्या मारणे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपटींहून अधिक वेगाने जातो, आणि माशांच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली बारीक थरथरही जाणवते. मुलाला ओरडण्यापेक्षा त्याच्या हातात खाद्याचे दोन दाणे द्यावेत. टिचक्या थांबतात आणि आईवडीलही दुखावत नाहीत.

ग्राहक हा दुकानातला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, अशा अर्थाचा फलक गांधीजींच्या फोटोखाली अनेक दुकानांत टांगलेला असतो. ते वचन गांधीजींचे असल्याचा पुरावा नाही. 1941 साली ते स्टुडबेकर या अमेरिकी मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावे छापलेले आढळते. वचन कोणाचेही असो, ग्राहक महत्त्वाचा असणे आणि ग्राहक बरोबर असणे यांत फरक आहे. वीस लिटरच्या टाकीत वीस मासे मागणाऱ्याला ते देऊन टाकणारा विक्रेता बुधवारचे भांडण रविवारीच पिशवीत भरून देत असतो. शिवीगाळ किंवा अंगावर धावून येणे हा मात्र माहितीचा प्रश्न नव्हे. तिथे मालकाने पुढे व्हावे, पगारी मुलाला पुढे करू नये.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीबद्दल दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. पाटी लावली की जबाबदारी संपली, असे दुकानदाराला वाटते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. उलट बाजूने, मेलेला प्रत्येक मासा बदलून मिळालाच पाहिजे असे ग्राहकाला वाटते. कायद्यातला शब्द 'सदोष' असा आहे, आणि घरच्या पाण्यात मेलेला मासा सदोष ठरत नाही. म्हणून हमी किती दिवसांची आणि कोणत्या अटीवर, हे बिलावर लिहिलेले असावे.

शेवटचा गैरसमज दुकानाबाहेरच्या पाण्यालाही भोवतो. मोठा झालेला मासा दुकानाने परत घेतला नाही की तो तळ्यात किंवा नदीत सोडणे पुण्याचे वाटते. डासांसाठी पालिका गप्पी सोडतेच की, असेही वर ऐकवले जाते. हे परके मासे स्थानिक माशांचे अन्न आणि अंडी फस्त करतात. सकर आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या अंगावरच्या हाडासारख्या कठीण चिलखतामुळे जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. नको झालेला मासा दुकानाने परत घ्यावा, पैसे दिले नाहीत तरी चालेल. ग्राहकाने तो नदीकडे न नेता दुकानात आणावा. तक्रार घेऊन येताना बिल, मेलेल्या माशाचा फोटो आणि स्वच्छ बाटलीत टाकीतले पाणी बरोबर असावे. एवढ्यानेही मिटले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.