साथीच्या काळातील परिचारिका : ओळख आणि अलिप्तता

'शुश्रूषा' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. सेवा हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. रुग्णाचे ऐकून घेणे हे ज्या व्यवसायाच्या नावातच आहे, त्या व्यवसायातील स्त्रीने ऐकलेल्या दुःखाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न २०२० व २०२१ या दोन वर्षांनी तीव्रतेने पुढे आणला.

या प्रश्नाचा मूलगामी विचार इझाबेल मेंझीस या विदुषीने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला आहे. लंडनमधील एका रुग्णालयाच्या निरीक्षणावरून तिने दाखविले की, परिचारिकेची भीती व शोक आवरण्याची व्यवस्था रुग्णालयाच्या कार्यपद्धतीतच दडलेली असते. रुग्णास नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने किंवा रोगाने ओळखणे, कामाचे तुकडे पाडणे, शिकाऊ परिचारिकांस वरचेवर एका कक्षातून दुसऱ्या कक्षात हलविणे, या साऱ्यांमुळे जवळीक वाढत नाही व वेदना तात्पुरती टळते. पण ती पचत मात्र नाही. तेथील विद्यार्थिनींपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडीत, ही गोष्ट बोलकी आहे.

आता हे विवेचन सिंधुदुर्गास लावून पाहावे. येथे अडचण उलटी आहे. मालवण, कुडाळ, कणकवली किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात येणारा रुग्ण परिचारिकेस पुष्कळदा अगदीच परका नसतो. आडनाव आणि वाडी सांगितली की चार प्रश्नांत नाते निघते. आजीच्या वयाच्या रुग्णाने 'गो बाय' म्हणून हाक मारली की खाटेचा क्रमांक गळून पडतो. मेंझीसने वर्णिलेली अलिप्तता लंडनच्या मानाने येथे मुळातच दुर्मिळ.

साथीने मात्र ती सक्तीने लादली. संरक्षक पोशाखात चेहरा दिसेना. अनेक ठिकाणी पोशाखावर नाव लिहून ओळख द्यावी लागली. नातलगांस कक्षात प्रवेश नव्हता. म्हणून रुग्णाच्या कानाशी फोन धरणे, मुलाचा निरोप सांगणे, आणि कधी अखेरच्या क्षणी शेजारी असणे, ही नातलगांची कामेही परिचारिकेकडे आली. शरीराने दूर आणि नात्याने पूर्वीपेक्षा जवळ, अशी ही विचित्र अवस्था होती. त्यांतच मुंबईहून परतणाऱ्या चाकरमान्यांविषयी गावागावांत धास्ती होती. रुग्णालयातून घरी येणाऱ्या परिचारिकेकडेही लोक कित्येकदा त्याच नजरेने पाहात. कक्षात जिला देव म्हणावयाचे, तिला विहिरीवर टाळावयाचे! आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस जबर शिक्षेची तरतूद करण्यासाठी १८९७ च्या साथरोग अधिनियमात एप्रिल २०२० मध्ये वटहुकूमाने दुरुस्ती करावी लागली. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचाच तो कायदा.

दुसरी लाट चालू असतानाच १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यास झोडपले. झाडे व विजेचे खांब पडले, अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली, दूरध्वनीही ठिकठिकाणी बंद पडले. रुग्ण व घर यांना जोडणारा जो एकच धागा उरला होता, तोही तुटला. कामावरील परिचारिकेस स्वतःच्या घराचे छप्पर शाबूत आहे की नाही, हे कळणेही अवघड झाले असणार.

अशा स्थितीत धीर कोठून येतो? 'खंबीर मन' हे उत्तर प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. त्यामुळे व्यवस्थेची जबाबदारी व्यक्तीच्या माथी मारली जाते. पाळी संपल्यावर सहकारिणींशी झालेले बोलणे, मृत्यूनंतर घटकाभर थांबण्याची मुभा, परिसेविकेने कामाची वाटणी करताना कोणाच्या घरी काय चालले आहे याची ठेवलेली जाणीव, या गोष्टी किरकोळ दिसतात; परंतु ऐकणारीचे ऐकून घेण्याची सोय त्यांतच असते. पाळीपत्रकात मात्र तिला रकाना नाही. दोन पाळ्यांमधील हस्तांतराच्या वेळी रुग्णाचा ताप, नाडी, प्राणवायूची पातळी सांगितली जाते. रात्री तीन वाजता त्या खाटेशी काय घडले आणि ते कोणी सोसले, हे सांगण्यास तेथे पाच मिनिटेही राखलेली नसतात.