कुणाची नामावळी कोण उघडणार?

नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी गेलात, की तीर्थोपाध्याय आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात. तुमचं कुळ दुसऱ्या घराण्याकडे असेल, तर तिकडे धाडतात. तिथे नामावळीचं जाडजूड बाड उघडतं आणि पणजोबा समोर येतात: मोडीतली नोंद, भावांची-मुलांची नावं, खाली सही. अंगावर काटा येतो. मला त्याहून नवल वाटतं ते त्यामागच्या व्यवस्थेचं. बाड सांभाळायचं उपाध्यायांनी. यजमानाने आपल्या कुळाची नोंद वाचायची, तिच्यात नव्या पिढीची भर घालायची. सांभाळणारा बदलला, मुलाच्या हाती बाड गेलं, तरी हक्क तोच राहतो. तो माणसाला चिकटलेला नाही, त्याच्या कामाला चिकटलेला आहे.

वेबसाइटवर चौकशी करणाऱ्यांची नावं, फोन नंबर जपणारी अनेक सॉफ्टवेअरं याच तत्त्वावर चालतात. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन या दोन संगणकतज्ज्ञांनी 1992 मध्ये अमेरिकेत ते सूत्ररूपात मांडलं: परवानगी माणसाला देऊ नका, भूमिकेला द्या, आणि माणसाला त्या भूमिकेत बसवा.

यातली किमया आकड्यांत दिसते. कार्यालयात 50 माणसं आणि 40 परवानग्या असतील, तर एकेकाचं ठरवताना 2000 निर्णय घ्यावे लागतात. चारच भूमिका आखल्या तर 160, अधिक प्रत्येकाला भूमिका नेमून देण्याचे 50. झाले 210! कुणी नोकरी सोडली की त्याची भूमिका काढली, सगळी दारं एकदम बंद.

भूमिका आखताना हात आखडता ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. कामापुरताच अधिकार द्यावा, हे संगणकतज्ज्ञ सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. फोन करणाऱ्या कर्मचाऱ्याला नंबर दिसावा, पण सगळी यादी एका झटक्यात उतरवून घेण्याची सोय त्याला कशाला? पाहणं, भर घालणं, बदलणं, पुसणं, बाहेर नेणं हे पाच वेगळे हक्क आहेत. घाईत सगळ्यांनाच ॲडमिन करून टाकतात, तिथे अनोळखी माणसाने विश्वासाने दिलेला नंबर उघड्यावर पडतो.

एका बाबतीत सॉफ्टवेअर बाडाच्याही पुढे जातं. बाडात लिहिणाऱ्याचं हस्ताक्षर उरतं, नुसतं वाचून गेलेल्याची खूण उरत नाही. इथे तशी सोय चालू ठेवली, तर कुणी कोणती नोंद किती वाजता उघडून पाहिली, तेही लिहिलं जातं.