पुणे ते नागपूर : अंतर किती, वेळ किती?

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. ‘नकाशा’ हा शब्द तुम्हांला परका नाही; उर्दूतला ‘नक्शा’ तो हाच. त्यावर पुणे शोधा. मग ईशान्येकडे सरकत नागपूर शोधा. दोन्ही शहरांना विमानतळ आहे. आता या दोन ठिकाणांमध्ये एक दोरा ताणून धरा. नकाशाचे प्रमाण एक सेंटिमीटरला ५० किलोमीटर असेल, तर दोरा सुमारे १२ सेंटिमीटर भरेल. म्हणजे सरळ रेषेतील अंतर झाले सुमारे ६०० किलोमीटर.

रस्त्याने हेच अंतर ७०० किलोमीटरच्या आसपास जाते आणि रेल्वेने जवळजवळ ८९०! रेल्वे पुण्याहून दौंडमार्गे आधी उत्तरेला मनमाडपर्यंत जाते. तेथे ती मुंबईकडून येणाऱ्या मार्गाला मिळते आणि भुसावळ, अकोला, वर्धा असे करत नागपूर गाठते. विमानाला असा वळसा पडत नाही. तरी तेही अगदी दोऱ्यासारखे जात नाही. त्याला ठरवून दिलेल्या हवाई मार्गानेच जावे लागते.

आता वेळेचे गणित करू. जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने उडते. ६०० ला ८०० ने भागले की उत्तर येते पाऊण तास. माझ्या वर्गातील मुलांनी हे उत्तर झटकन दिले. मी त्यांना विमानाचे वेळापत्रक दाखवले. त्यात सव्वा तासाहून अधिक वेळ होता. “सर, आमचे गणित चुकले का?” मुलांनी विचारले.

भागाकार बरोबर होता. पण विमान सारा वेळ त्याच वेगाने जात नाही. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलते तेव्हा सुरू होते. ते सावकाश धावपट्टीपर्यंत जाते, परवानगीची वाट पाहते, मग उडते. सुमारे दहा किलोमीटर उंची गाठायला वीसेक मिनिटे जातात आणि उतरायला जवळपास तितकीच. या वेळात वेग कमी असतो. एवढ्या जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाने उडायला थोडीच मिनिटे उरतात.

शिवाय वारा आहेच. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. वाऱ्याने ताशी ८० किलोमीटरची साथ दिली, तर आपला पाऊण तास ४१ मिनिटांवर येतो. तोच वारा समोरून आला, तर ५० मिनिटे लागतात.

चार-पाच मिनिटांनी काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. समजा, नागपुरात मेंदू मृत झालेल्या एका माणसाच्या घरच्यांनी त्याचे हृदय दान केले. ते पुण्यातील रुग्णाला बसवायचे आहे. शरीरातून काढलेले हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या शरीरात सुरू व्हावे लागते. रेल्वेला बारा तास तरी लागतात. मोटारीनेही ते जमणार नाही. विमानाचा सव्वा तास धरला, तर पावणेतीन तास उरतात. त्यांत नागपूरचे रुग्णालय ते विमानतळ, पुण्याचे विमानतळ ते रुग्णालय आणि हृदय बसवण्याची शस्त्रक्रिया, हे सारे उरकायचे. म्हणून पोलीस दोन्ही शहरांतील वाहने थांबवून रुग्णवाहिकेला रस्ता मोकळा करून देतात. आणि दिवस हिवाळ्याचे असतील, तर पुण्याकडे येताना वारा समोरचाच. त्याची पाच मिनिटेही याच चार तासांतून जातात.