एकच वायू : चूल पेटवितो, जीवही घेतो

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. त्या गावी गेलो असता वस्तीत घरोघरी झालेले संडास पाहून आम्हाला समाधान वाटले. आयाबायांना आता अंधार पडण्याची वाट पाहावी लागत नाही. पण चहा देता देता एका माउलीने विचारले, "टाकी भरल्यावर उपसायची कुणी?" आम्ही गप्प झालो. अशा कामाला आजवर कोणाला बोलावले गेले, हे वाचकांना सांगायला नको.

बंद टाकीत हवा नसते. तेथे सूक्ष्म जंतू मैला कुजवितात आणि वायू तयार होतो. त्यात मोठा भाग मिथेनचा असतो, तो जळतो. थोडा हायड्रोजन सल्फाईड असतो, तो विषारी. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते, वास कळत नाही आणि आत उतरलेला माणूस कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही परत येत नाही.

हाच वायू नीट धरला तर सेवक होतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ सालीच मैल्याच्या टाक्यांतून वायू गोळा केला गेला. आज मैलापाणी शुद्ध करणाऱ्या मोठ्या केंद्रांत तळाचा गाळ हवाबंद टाक्यांत, सुमारे ३५ अंश उष्णतेवर, वीसेक दिवस कुजवितात. वायूतला विषारी भाग काढून टाकतात आणि उरलेल्यावर इंजिन चालवून वीज करतात. मागे राहिलेल्या गाळाचे खत होते.

खेड्यातही हे जमते. पुण्याजवळच्या देहू गावी डॉ. मापुसकर यांनी संडासाला जोडलेले 'मलप्रभा' गॅस संयंत्र उभे केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मात्र हिशेब सरळ ठेवावा. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला साधारण एक घनफूट गॅस मिळतो. एवढ्यावर घरचा स्वयंपाक होत नाही. गोठ्याचे शेण जोडावे लागते. काही भगिनी विचारतील, "असल्या गॅसवर भाकरी भाजायची?" बाईसाहेब, नळीतून गॅस येतो, मैला नव्हे. ज्योतीला विटाळ नसतो.

माणसाकडून हाताने मैला साफ करून घेणे आणि संरक्षक साधनांवाचून त्याला गटारात वा टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू आल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. पण भरपाईने घरचा माणूस परत येत नाही.

म्हणून ग्रामसभेत दोन गोष्टी मागा : टाकी उपसायला यंत्राची गाडी, आणि गोठा असेल तेथे संडासाला जोडलेले गॅस संयंत्र. आपल्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तेव्हा गावाने डोळे वटारले होते. तरी ते मागे हटले नाहीत. आपल्या मुलाने कोणाच्याही टाकीत उतरू नये, एवढा निश्चय आपणही करू या.