रमतगमत चालणारे

"डॉक्टर, रोज दोन तास चालतो, तरी साखर उतरत नाही," शीळफाट्याजवळच्या एका गावातले काका तक्रार करत होते. सोबतची कॉलेजात शिकणारी नात हसली. "चालतात कुठे? आजोबा सॉंटर करतात!" म्हणजे टपरीवर थांबत, गप्पा मारत, रमतगमत.

या इंग्रजी शब्दाची कथा गमतीची आहे. अमेरिकन लेखक हेन्री थोरो यांचा चालण्यावरचा निबंध १८६२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी 'सॉंटरर'ची दोन फ्रेंच मुळे सांगितली. एक 'सेंत तेर', म्हणजे पवित्र भूमीकडे निघालेला यात्रेकरू. दुसरे 'सां तेर', म्हणजे ज्याला घर ना जमीन असा भटक्या. भाषातज्ज्ञांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. पण दोन्ही माणसे आपल्या ओळखीची आहेत. पहिला पंढरीचा वारकरी. दुसरा, २०२०च्या टाळेबंदीत मुंबई-ठाण्याहून बोचके घेऊन गावाकडे निघालेला मजूर. एकाची वारी, दुसऱ्याची वणवण. पायांना मात्र हा फरक कळत नाही. फोड दोघांनाही सारखेच येतात.

म्हणून काकांना म्हटले, "पाय दाखवा." उजव्या अंगठ्याखाली चपलेने घासून चांगली रुपयाएवढी जखम झाली होती. काकांना पत्ताच नव्हता! मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, जखम दुखत नाही, ती चिघळते आणि प्रसंगी पाय गमावण्याची पाळी येते.

मधुमेही वाचकांनी एवढे करावे. रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा. अनवाणी चालू नये, देवदर्शनाच्या वाटेवरही. सुती मोजे व मऊ, बंद बूट वापरावेत. फोड घरी फोडू नये. जखम असल्यास ती भरेपर्यंत चालण्याचा व्यायाम थांबवावा.

पाय धड असतील तर आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे भरभर चालावे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत. शीळफाट्याच्या अवजड वाहनांच्या रस्त्यावर नको. गावातला आतला रस्ता किंवा मैदान बरे. जेवणानंतरची शतपावलीही साखरेला आवर घालते.

काकांची जखम तीन आठवड्यांत भरली. आता ते आधी भरभर चालतात आणि मग टपरीवर थांबतात. चहा अर्थातच बिनसाखरेचा!