सांगितलं नाही, म्हणजे फसवलं का?
मनाचे व्यवहार : लेख सहावा

मागच्या आठवड्यात आपण उघड खोट्याचा विचार केला. मनातलं मनात ठेवणं ही त्याच्या शेजारचीच, पण जास्त अवघड गोष्ट. इथे जीभ काही चुकीचं बोलत नाही. तरीही पुढे कधीतरी कळलं, की समोरचा म्हणतो, ‘तू मला फसवलंस.’ त्याचं हे म्हणणं कधी खरं धरायचं? यासाठी अठराव्या शतकातला एक पत्रव्यवहार मला फार मोलाचा वाटतो.

1791 च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टहून मारिया फॉन हर्बर्ट नावाच्या विशीतल्या तरुणीनं इमान्युएल कांटला पत्र लिहिलं. घर सधन, सफेद्याचा कारखाना असलेलं. तिचा भाऊ फ्रान्त्स पाउल याच्या भोवती कांटचे ग्रंथ वाचणाऱ्यांचा गोतावळा होता आणि तीही ते वाचत होती. पत्राचा आशय असा : ज्याच्यावर तिचं प्रेम होतं, त्याच्यापासून तिनं एक गोष्ट फार दिवस खोटेपणानं दडवून ठेवली आणि शेवटी स्वतः होऊन सांगितली. त्याची मैत्री राहिली, प्रेम आटलं. तिला जीव द्यावासा वाटत होता. कांटच्या नीतिविचारानं तिला अडवलं होतं, पण जगायला आधार मात्र त्यातून मिळत नव्हता.

काय दडवलं होतं, ते पत्रात नव्हतं. कांटला ते पुढे हर्बर्ट कुटुंबाच्या एका स्नेह्याकडून कळलं. तिनं आधी एकावर विश्वास टाकला होता आणि त्यानं त्या विश्वासाचा गैरफायदा घेतला होता. दुसऱ्यावर जीव जडल्यावर तिला ते सांगवलं नाही.

कांटनं 1792 मध्ये उत्तर दिलं. त्याचा मसुदा आज उपलब्ध आहे. त्यात त्यानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मनातलं सगळं न सांगणं हा माणसाच्या स्वभावातला उणेपणा आहे. आपण उघडे पडू, लोकांच्या नजरेतून उतरू, या भीतीनं प्रत्येक जण काहीतरी राखून ठेवतो आणि ते क्षम्य आहे. पण जे बोलायचं ते खरंच असलं पाहिजे. राखून ठेवणं वेगळं, खोटं भासवणं वेगळं. मग त्यानं मारियाला विचारलं : तुला पश्चात्ताप कशाचा होतो, खोटेपणाचा की सांगून बसल्याचा? 

प्रश्न कठोर आहे, पण योग्य आहे. आपल्यातल्या अनेकांना तो सोसणार नाही.

हा भेद आपल्या परंपरेला अनोळखी नाही. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी जे 33 व्यभिचारी भाव मोजले, त्यांत ‘अवहित्थ’ हा एक आहे : मनातला भाव चेहऱ्यावर दिसू न देणं. त्याची कारणं म्हणून ते लाज, भय, पराभव, मोठ्यांचा आदर आणि कपट ही एकाच ओळीत ठेवतात. खुणाही सांगतात : भलताच विषय काढणं, नजर वळवणं, बोलणं मध्येच तोडणं, उसनं धैर्य आणणं. म्हणजे लाजणाऱ्याचा आणि कपट्याचा चेहरा बाहेरून सारखाच दिसू शकतो. ‘कुमारसंभवा’च्या सहाव्या सर्गात अंगिरस ऋषी हिमालयाकडे शिवासाठी पार्वतीला मागणी घालतात, तेव्हा ती वडिलांशेजारी मान खाली घालून हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत बसते. साहित्यदर्पणकारांनी हेच अवहित्थाचं उदाहरण म्हणून घेतलं. पार्वतीनं तिथे कुणाचं काय बिघडवलं? काहीच नाही. तिचं मन ठाऊक नसल्यामुळे कुणी चुकीचा निर्णय घेणार नव्हतं. मारियाचा प्रियकर मात्र तिच्या बोलण्यावर आयुष्य उभं करायला निघाला होता. लपवण्याला वजन येतं ते इथे. दुसऱ्याचा निर्णय ज्यावर टेकलेला आहे, ते दडवलं तर त्याच्या निवडीचा हक्कच आपण काढून घेतो.

इथवर मी कांटबरोबर आहे. पण त्यानं तराजूचं दुसरं पारडं पाहिलं नाही. नजरेतून उतरण्याची भीती सगळ्यांना असते, हे त्यानंच लिहिलं. ती सगळ्यांना सारखी नसते, हे लिहिलं नाही. त्या काळी पुरुषाचा पूर्वेतिहास कोण विचारत होतं? बाईला मात्र एका वाक्यात सगळं गमवावं लागे. आपल्याकडेही स्थळं पाहताना मुलीच्या आधीच्या मैत्रीची जितकी चौकशी होते, तितकी मुलाची होत नाही. खरं सांगणाऱ्याला शिक्षा ठरलेलीच असेल, तर गप्प राहण्याचा दोष एकट्या गप्प राहणाऱ्यावर टाकणं न्यायाचं नाही. खरं सांगणं इतकं महाग करून ठेवणाऱ्यांकडेही त्याचा वाटा जातो.

1793 च्या जानेवारीत मारियानं पुन्हा लिहिलं. या वेळी तिनं काहीच हातचं राखलं नाही. आत-बाहेर सगळं रिकामं वाटतं, नीतीनं वागण्यात आता काही कठीणच उरलेलं नाही, कारण कसली इच्छाच होत नाही. तुम्ही कसे जगता, असंही तिनं विचारलं. वाचताना अंगावर काटा येतो. ज्या मोकळेपणाचा कांटनं उपदेश केला होता, तो पूर्णपणे तिनं त्याच्यापुढे ठेवला होता.

कांटनं उत्तर दिलं नाही. फेब्रुवारीत त्यानं तिची पत्रं एका इंग्रज व्यापारी मित्राच्या मुलीकडे, एलिझाबेथ मदरबीकडे, पाठवून दिली : भावनेच्या आहारी गेलं की काय होतं, याचा धडा म्हणून. पुढे 1797 च्या ‘नीतीची तत्त्वमीमांसा’ या ग्रंथात त्यानं खऱ्या मैत्रीबद्दल लिहिलं, की परस्परांना मन उघडं करणं आणि ते जपून ठेवणं म्हणजे मैत्री; अशी मैत्री काळ्या हंसासारखी दुर्मीळ असली तरी जगात आहे.

1794 मध्ये मारियाचं तिसरं पत्र आलं. 1803 मध्ये तिनं आत्महत्या केली. तिच्या मरणाला कांट कारण होता, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला आधार नाही. पण लपवल्याची चूक तिनं स्वतः सांगून भरून काढली होती. तिनं विश्वासानं उघडं केलेलं मन तिला न विचारता तिसऱ्याच्या हाती देणं ही चूक कांटची, आणि माझ्या मते दोहोंत तीच मोठी.